कळमेश्वरच्या काळ्या दगडाचं वय कुणी आणि कसं ठरवलं? विज्ञानाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवणारी व्याख्यानं नेमकं काय सांगतात?

नागपूरहून काटोल रोडने कळमेश्वरकडे निघालं की शहराच्या हद्दीतच गिट्टीखदान लागतं. नावच सांगतं की इथे कधीकाळी गिट्टीसाठी दगड फोडला जायचा. पुढे कळमेश्वर तालुक्यात शिरलं की शेतातली काळी माती, विहिरीतून निघणारा काळा दगड आणि त्याच दगडाच्या खाणी दिसतात. हा दगड म्हणजे बेसॉल्ट. ज्वालामुखीच्या लाव्हाचे थर एकावर एक साचून तयार झालेल्या दख्खन ट्रॅपचा हा पूर्वेकडचा काठ आहे.

हा दगड किती जुना? पाठ्यपुस्तक सांगतं, सुमारे ६.६ कोटी वर्षं. परीक्षेत तेवढं लिहिलं की गुण मिळतात.

पण वर्गात एखाद्या मुलीने हात वर करून विचारलं, "कशावरून?" तर?

जगातल्या अनेक विद्यापीठांमध्ये याच प्रश्नावर पूर्ण सत्रभर व्याख्यानं होतात. त्या विषयाला 'विज्ञानाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान' म्हणतात. नाव जड आहे, पण कळमेश्वरच्या पायाखालच्या दगडाची गोष्ट हातात घेतली तर तो समजायला अवघड नाही.

हा विषय नेमका काय आहे?

विज्ञान आपल्याला सांगतं की दगड ६.६ कोटी वर्षांचा आहे. विज्ञानाचा इतिहास सांगतो की हे उत्तर कुणी, कधी, कोणत्या पुराव्यावर काढलं आणि त्याआधी लोक काय मानत होते. विज्ञानाचं तत्त्वज्ञान विचारतं की तो पुरावा पुरेसा होता का, एकाच पुराव्यातून दोन वेगळे निष्कर्ष निघू शकतात का, आणि चांगला सिद्धांत कशाला म्हणायचं.

म्हणजे हा थोर शास्त्रज्ञांच्या चरित्रांचा तास नाही आणि विज्ञानाला नावं ठेवण्याचाही नाही. एखादी गोष्ट 'माहीत आहे' असं आपण कोणत्या आधारावर म्हणतो, हे तपासायला शिकवणारा हा विषय आहे.

इतिहास आणि तत्त्वज्ञान एकत्र का?

याचं उत्तर केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल यांच्या दोन पुस्तकांत सापडतं. त्यांनी १८३७ मध्ये विज्ञानशाखांचा इतिहास लिहिला आणि १८४० मध्ये त्यांचं तत्त्वज्ञान. क्रम मुद्दाम तसा होता. विज्ञान कसं चालतं याचे नियम खोलीत बसून ठरवायचे नाहीत, आधी ते प्रत्यक्षात कसं चाललं ते पाहायचं, हा त्यामागचा विचार. आज आपण सहज वापरतो तो 'सायंटिस्ट' हा इंग्रजी शब्दही १८३३ च्या सुमारास ह्यूएल यांनीच सुचवला. ते लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेचे अध्यक्षही होते. हा तपशील पुढे नागपूरच्या गोष्टीत उपयोगी पडेल.

विद्यापीठात या विषयासाठी वेगळं पद निर्माण होण्याचं एक सुरुवातीचं उदाहरण म्हणजे व्हिएन्ना. तिथे १८९५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांची तत्त्वज्ञानाच्या, विशेषतः विज्ञानाच्या इतिहासाच्या आणि सिद्धांताच्या, प्राध्यापकपदी नेमणूक झाली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये १९२१ मध्ये स्वतंत्र विभाग सुरू झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी विज्ञान शाखेत नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञानाच्या इतिहासाचा अभ्यासक्रम सुरू केला. अणुबॉम्बनंतरच्या काळात सामान्य नागरिकालाही विज्ञान कसं चालतं हे कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. या अभ्यासक्रमाच्या तयारीसाठी भौतिकशास्त्राचा एक तरुण संशोधक १९४७ मध्ये अॅरिस्टॉटल वाचायला बसला. त्याचं नाव थॉमस कून. त्या वाचनातून सुरू झालेल्या विचाराचं पुढे १९६२ मध्ये पुस्तक झालं आणि 'पॅराडाइम' हा शब्द जगभर पोहोचला.

टाकळीचे शंख आणि लंडनची पत्रिका

आता पुन्हा नागपूरकडे येऊ.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ मध्ये नागपूर परिसरात आले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाने १८८३ मध्ये सुरू झालं. त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर. दोघांनाही दगड आणि जीवाश्म गोळा करण्याचा नाद होता. नागपूरजवळच्या टाकळी इथे त्यांना लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेला गाळाचा पातळ थर मिळाला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, बिया, फळं आणि कीटकांचे अवशेष होते.

याचा अर्थ साधा पण मोठा होता. लाव्हा एकदाच वाहिला नव्हता. एक थर थंड झाला, त्यावर तळी साचली, झाडं उगवली, जीव राहिले आणि मग पुन्हा लाव्हा आला. दोन थरांमधल्या या गाळात त्या मधल्या काळाचा पुरावा जपला गेला.

हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूरचनेवरचा आणि जीवाश्मांवरचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या त्याच भूवैज्ञानिक संस्थेच्या पत्रिकेत छापून आला. १८६० मध्ये हिस्लॉप यांनी आणखी एक निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच हे थर 'टर्शरी' काळातले असल्याचं म्हटलं होतं. टर्शरी म्हणजे डायनासोर संपल्यानंतरचा काळ. १८६३ मध्ये टाकळघाट परिसरातून परतताना बुडून हिस्लॉप यांचा मृत्यू झाला.

विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचं व्याख्यान इथे थांबतं आणि विचारतं: शंखावर तारीख लिहिलेली नव्हती, मग काळ ठरला कसा?

उत्तर आहे, तुलनेने. युरोपातल्या ज्या थरांचा क्रम आधी लावला होता, तिथल्या जीवाश्मांशी नागपूरचे जीवाश्म ताडून पाहिले गेले. या तुलनेमागे एक न बोललेलं गृहीतक होतं: सारखे दिसणारे जीव दोन्हीकडे साधारण एकाच काळात राहत होते. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर द्युएम यांनी १९०६ मध्ये हाच मुद्दा मांडला. कोणताही अंदाज एकटा तपासला जात नाही, त्याच्यासोबत अनेक गृहीतकंही परीक्षेला बसलेली असतात. उत्तर चुकलं तर चूक अंदाजाची की गृहीतकाची, हे लगेच कळत नाही.

१९३४: एक प्रश्न आणि एक कसोटी

वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनी यांनी १९३४ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये एक लेख लिहिला. प्रश्न शीर्षकातच होता: दख्खन ट्रॅप क्रेटेशस काळातले की टर्शरी? क्रेटेशस म्हणजे डायनासोरांचा शेवटचा काळ.

साहनी यांनी टर्शरीच्या बाजूने कौल दिला. त्यांचा भर होता वनस्पतींवर. नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानसारख्या ठिकाणी ताडवर्गीय झाडांचे आणि निपाच्या फळांचे जीवाश्म मिळाले होते. अशीच फळं लंडनजवळच्या टर्शरी मातीतही सापडतात. युक्तिवाद भक्कम होता आणि बराच काळ टिकला.

त्याच १९३४ मध्ये व्हिएन्नाचे कार्ल पॉपर यांचं वैज्ञानिक संशोधनाच्या तर्कशास्त्रावरचं जर्मन पुस्तक बाहेर आलं. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण व्याख्यानात त्या शेजारी ठेवल्या तर मुद्दा लगेच कळतो. पॉपर म्हणत होते की चांगल्या वैज्ञानिक विधानाची खूण म्हणजे ते खोटं ठरण्याची शक्यता उघडपणे पत्करतं. 'काय सापडलं तर मी चुकलो असं मानेन' हे ज्याला सांगता येतं, त्याचं बोलणं विज्ञानाच्या जवळ जातं.

साहनींचं विधान या कसोटीला उतरत होतं. हे थर टर्शरी असतील तर त्यांत डायनासोरांच्या काळातले प्राणी सापडायला नकोत. सापडले तर विधान अडचणीत येणार.

पुतण्याने काकांचं उत्तर बदललं

आणि ते सापडले. १९८० च्या दशकात पंजाब विद्यापीठाचे अशोक साहनी आणि त्यांचे सहकारी दख्खनच्या याच गाळथरांमधून अगदी बारीक अवशेष शोधत होते. अशोक साहनी हे बिरबल साहनींचे पुतणे. नागपूर आणि तेलंगणातल्या आसिफाबादच्या थरांमधून अंड्यांच्या कवचांचे तुकडे मिळाले. १९८४ मध्ये फ्रेंच आणि भारतीय संशोधकांनी गिट्टीखदानच्या थरातल्या मासे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अवशेषांवर निबंध प्रसिद्ध केला. मध्य भारतातल्या अशा थरांमधल्या प्राण्यांचं नातं क्रेटेशसच्या अखेरीशी जुळत होतं.

एवढ्याने प्रश्न सुटला का? पॉपरचा नियम कोरडेपणाने लावला तर हो. पण द्युएम आठवले तर नाही. कुणी म्हणू शकतं की हे अवशेष जुन्या खडकांतून वाहून नंतरच्या तळ्यात आले असतील. एका पुराव्यावर वाद संपत नाही, तो याच कारणाने.

निकाल लागला तो वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या पुराव्यांमुळे. पोटॅशियमचं आर्गॉनमध्ये रूपांतर किती झालं यावरून खडकाचं वय काढता येतं. सुरुवातीच्या मोजणीत दख्खनच्या खडकांची वयं एकमेकांपासून फार लांब यायची, कारण खडक झिजला की त्यातला आर्गॉन निसटतो. पद्धत सुधारली तशी वयं ६.६ कोटी वर्षांच्या आसपास गोळा झाली. दुसरी वाट चुंबकत्वाची. लाव्हा थंड होताना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यात नोंदली जाते. दख्खनच्या जाड थरांमध्ये उलट्या दिशेचा एक मोठा टप्पा आणि त्याच्या वर-खाली सुलट दिशेचे टप्पे मिळाले. एवढा प्रचंड लाव्हा इतक्या कमी चुंबकीय उलथापालथींमध्ये बसतो, याचा अर्थ तो भूगर्भीय हिशेबाने झटपट वाहिला.

जीवाश्म, किरणोत्सर्ग आणि चुंबकत्व या तीन पद्धतींची गृहीतकं वेगवेगळी आहेत. तिन्ही एकाच वेळी, एकाच दिशेने चुकण्याची शक्यता कमी. ह्यूएल यांनी १८४० मध्ये नेमक्या याच गोष्टीला महत्त्व दिलं होतं: वेगळ्या वाटेने निघालेली अनुमानं एका जागी येऊन भेटली की विश्वास वाढतो.

मग बिरबल साहनी चुकले का?

इथे गोष्ट आणखी एक वळण घेते. छिंदवाडा जिल्ह्यातल्याच झिलमिली इथल्या गाळथरात समुद्री सूक्ष्मजीवांचे अवशेष मिळाले आणि ते टर्शरीच्या अगदी सुरुवातीचे निघाले. हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणजे दख्खनचा लाव्हा क्रेटेशस आणि टर्शरी यांच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना वाहत होता. काही गाळथर डायनासोर असतानाचे, काही ते गेल्यानंतरचे. 'हे की ते' असा प्रश्न विचारला गेला होता, आणि उत्तर 'दोन्ही' असं निघालं.

विज्ञानाच्या इतिहासातून मिळणारा हा महत्त्वाचा धडा आहे. प्रगती म्हणजे दर वेळी चूक उत्तराच्या जागी बरोबर उत्तर येणं नसतं. पुष्कळदा प्रश्नच बदलावा लागतो.

गोंडवाना: नाव इथलं, सिद्धांत जगाचा

कून यांचं म्हणणं समजून घ्यायलाही याच भूमीतलं उदाहरण पुरतं. भूवैज्ञानिक हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये मध्य भारतातल्या एका खडकसमूहाला 'गोंडवाना' नाव दिलं. गोंडांचा प्रदेश म्हणून. पुढे एडुआर्ट झ्यूस यांनी दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडासाठी हेच नाव वापरलं. ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीचे जीवाश्म भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका असे सगळीकडे सापडत होते. नागपूरहून हिस्लॉप यांनी पाठवलेल्या जीवाश्म वनस्पतींचं वर्णनही १८६१ मध्ये लंडनला छापलं गेलं.

जर्मनीचे आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये सांगितलं की खंड एकत्र होते आणि सरकत दूर गेले. बहुतेक भूवैज्ञानिकांनी ते मानलं नाही. खंड सरकवणारी ताकद कोणती, याचं समाधानकारक उत्तर वेगेनर यांच्याकडे नव्हतं. १९५६ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञांनी दख्खनच्या खडकांचं चुंबकत्व मोजलं, तेव्हा ते खडक तयार झाले त्या वेळी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याचं दिसलं. १९६० च्या दशकात समुद्रतळाचे पुरावे आले आणि भूशास्त्राची चौकटच बदलली.

कून अशा बदलाला क्रांती म्हणतात. त्यांच्या मते शास्त्रज्ञ एरवी एका मान्य चौकटीत कोडी सोडवत असतात. न सुटणारी कोडी साचत गेली की चौकटीवरचा विश्वास डळमळतो आणि नवी चौकट येते. टीकाकार विचारतात, मग हे बहुमताचं राजकारण झालं का? दख्खनचं उदाहरण सांगतं की लोकांची मनं बदलली, पण ती मोजमापांनी बदलली. व्याख्यानात विद्यार्थ्यांना दोन्ही बाजू मांडायला लावतात, ते याचसाठी.

वाद अजून चालू आहे

१९८० मध्ये वॉल्टर आणि लुईस अल्वारेझ यांच्या गटाने मांडलं की डायनासोर संपले ते अशनी आदळल्यामुळे. मेक्सिकोतलं चिक्शुलूब विवर त्याच काळातलं असल्याचा पुरावा १९९१ च्या सुमारास पुढे आला. पण त्याच वेळी दख्खनमध्ये लाव्हा वाहत होता. मग त्या संहारात दख्खनचा वाटा किती?

फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या पत्रिकेच्या एकाच अंकात दोन निबंध आले. एका गटाने युरेनियम आणि शिशाच्या मोजणीतून सांगितलं की लाव्हा चार मोठ्या टप्प्यांत आला आणि त्यातला एक टप्पा संहाराच्या आधी सुरू झाला होता. दुसऱ्या गटाने आर्गॉनच्या मोजणीतून सांगितलं की लाव्हाचा बहुतांश भाग संहारानंतर आला. डोंगर तेच होते, वेगळ्या होत्या मोजणीच्या पद्धती आणि संहाराची सीमा नेमकी कोणत्या थरात धरायची याचा अंदाज.

बातमीत याचं शीर्षक 'शास्त्रज्ञांमध्ये मतभेद' असं होतं. हा विषय शिकलेला वाचक मात्र पुढचं विचारतो: मतभेद नेमका कशावर आहे? दख्खन सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचं आहे यावर दोन्ही गटांचं एकमत आहे. वाद काही लाख, काही हजार वर्षांच्या क्रमाचा आहे.

हा विषय आपल्याकडे परका आहे का?

नाही. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी असणार, हे न्यायशास्त्रातलं उदाहरण मराठी वाचकाला नवं नाही. धूर आणि अग्नी यांचं कायमचं नातं, म्हणजे व्याप्ती, सिद्ध असेल तरच अनुमान टिकतं. पाणवठ्यावरची वाफ धूर समजली तर अनुमान फसतं. निपाच्या फळावरून खडकाचं वय काढतानाही प्रश्न हाच होता की फळ आणि काळ यांची व्याप्ती पक्की आहे का.

विज्ञान शिकवण्यासाठी संस्था उभारण्याचा पुरावाही महाराष्ट्रात आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे इसवी सन १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि स्थानिक राजांनी त्याला उत्पन्न लावून दिलं, अशी नोंद त्यात आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला.

१८३६ मध्ये सिहोरच्या शाळेतले सुबाजी बापू यांनी मराठीत 'शिरोमणि प्रकाश' लिहिलं. पुराणांमधली पृथ्वी, सिद्धांत-ग्रंथांमधली गोल पृथ्वी आणि कोपर्निकसची सूर्याभोवती फिरणारी पृथ्वी यांची तुलना त्यात होती. तिथले इंग्रज अधिकारी लान्सलॉट विल्किन्सन यांना जाणवलं होतं की नवं खगोलशास्त्र थेट शिकवण्यापेक्षा सिद्धांतांच्या पायरीवरून शिकवलं तर ते पटतं. नागपुरात गणित शिकलेले बापूदेव शास्त्री यांनाही त्यांनीच सिहोरला नेलं. पुढे बापूदेव काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापक झाले.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाला. जुन्या ग्रंथातला दावा तपासायचा, त्यातली गणितं पुन्हा करून पाहायची आणि मग काळ ठरवायचा, ही त्यांची रीत होती. आज राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमांमध्ये 'भारतीय ज्ञान प्रणाली' आली आहे. त्या वर्गात दीक्षितांची रीत उपयोगी पडते. 'आपल्याकडे सगळं होतं' आणि 'आपल्याकडे काहीच नव्हतं' या दोन्ही विधानांना ती एकच प्रश्न विचारते: कशावरून?

विज्ञान सारखं बदलतं, मग विश्वास का ठेवायचा?

हा प्रश्न वर्गात येतोच, आणि घराघरांतही येतो. आज एक सांगतात, उद्या दुसरंच, अशी तक्रार कोरोनाच्या काळात प्रत्येकाने ऐकली आहे. तिचा फायदा घेऊन खात्रीचा उपाय विकणारेही असतात. त्यांचं उत्तर कधीच बदलत नाही, आणि काहींना तीच त्यांची ताकद वाटते.

दख्खनची गोष्ट वेगळं सांगते. १८६० पासून आजपर्यंत उत्तर बदलत गेलं, पण मनमानीने नाही. प्रत्येक बदलामागे सापडलेला जीवाश्म, सुधारलेलं यंत्र किंवा उघड झालेलं गृहीतक आहे. शंका कुठे घ्यायची हेही प्रत्येक टप्प्यावर अधिक नेमकं झालं. जुन्या काळात शंका कोट्यवधी वर्षांची होती, आता ती हजारो वर्षांची आहे. बदलण्याची ही शिस्तबद्ध तयारी हेच विश्वासाचं कारण आहे.

राज्यघटनेच्या कलम ५१-क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन विकसित करणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हटलं आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते आलं. पण हा दृष्टिकोन निष्कर्ष पाठ करून येत नाही.

महाराष्ट्रात हे कुठे शिकायला मिळतं?

अमळनेर इथे १९१६ मध्ये प्रताप शेठ यांच्या देणगीतून तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. देशातल्या तत्त्वज्ञानाच्या सुरुवातीच्या संशोधन संस्थांमध्ये त्याची गणना होते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून काम करतं. विज्ञान कसं शिकवावं याच्या संशोधनात तिथे विज्ञानाच्या इतिहासाला आणि तत्त्वज्ञानाला जागा आहे. विदर्भात दि. य. देशपांडे यांनी अमरावतीत तत्त्वज्ञान शिकवलं आणि १९९० मध्ये नागपुरातून 'आजचा सुधारक' हे मासिक सुरू करून विवेकाने विचार करण्याची चर्चा महाविद्यालयाच्या भिंतींबाहेर नेली.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ च्या अखेरीस पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येकासाठी संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. त्याचा पहिला घटक तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्राचा आहे. 'डॉक्टर ऑफ फिलॉसॉफी' ही पदवी घेणाऱ्या रसायनशास्त्राच्या किंवा वाणिज्याच्या विद्यार्थ्याची तत्त्वज्ञानाशी अनेकदा इथेच पहिली भेट होते.

म्हणजे संशोधनाच्या टोकाला हा विषय थोडा तरी पोहोचतो. पदवीच्या पहिल्या वर्षाला मात्र तो क्वचितच भेटतो. भूगर्भशास्त्र विज्ञान शाखेत, तत्त्वज्ञान कला शाखेत आणि इतिहास तिसऱ्याच खोलीत, अशी विभागणी असते. 'कशावरून' हा प्रश्न या तिन्ही खोल्यांच्या मधल्या व्हरांड्यात राहून जातो.

एका तासात काय करता येईल?

नागपूर विद्यापीठाशी संलग्न कळमेश्वर, काटोल किंवा सावनेरच्या महाविद्यालयात असं एक व्याख्यान घ्यायला वेगळी प्रयोगशाळा लागत नाही. टेबलावर बेसॉल्टचा एक तुकडा ठेवायचा. फळ्यावर चार वर्षं लिहायची: १८६०, १९३४, १९८४, २०१९. प्रत्येक वर्षी उपलब्ध असलेला पुरावा सांगायचा आणि विद्यार्थ्यांना त्या वर्षात उभं राहून निष्कर्ष काढायला लावायचा, पुढचं माहीत नसल्यासारखा. १९३४ मध्ये उभ्या असलेल्या वर्गातली बरीच मुलं साहनींच्या बाजूने जातील. पुढच्या पुराव्यावर त्यांना मत बदलावं लागेल आणि का बदललं ते सांगावं लागेल.

परीक्षेतलं उत्तर तेच राहील, ६.६ कोटी वर्षं. फरक एवढाच की ते लिहिणाऱ्याला त्यामागचा हिशेब माहीत असेल, आणि उद्या कुणी दुसरा आकडा घेऊन आला तर त्याला काय विचारायचं हेही.